पोट कोणत्या थरामुळे पुढे आलंय ते आधी ठरवा, मग ऑपरेशन की मशीन

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. वय ३९, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, वर्षभर तेच. दोन सिझेरियन, धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा. पोटाची घडी सिझेरियनच्या व्रणावर येऊन बसते आणि आडवं पडून मान उचलली की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसतो. एका क्लिनिकने आठ सीटिंगचं 'शस्त्रक्रियेविना टमी टक' असं पॅकेज सांगितलंय (टमी टक म्हणजे पोटाची जादा कातडी काढून पोट सपाट करण्याचं ऑपरेशन). त्यात चरबी गोठवणं आणि कातडी आवळणारं मशीन, दोन्ही आहे. जाऊबाई म्हणतात ऑपरेशनच कर. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात पोट बांधलं नाहीस म्हणून हे झालं. तुम्ही विचारताय, दोन्हीतलं काय करू, आणि साडीत व्रण दिसेल का.

सासूबाईंच्या बोलण्याचं ओझं आधी खाली ठेवा. पोट बांधल्याने बाळंतिणीला आधार मिळतो, कंबरेला आणि टाक्यांना बरं वाटतं. पण कातडी किती ताणली गेली आणि स्नायू किती फाकले, हे गरोदरपणातच ठरलेलं असतं. बाळाचं वजन, पाण्याचं प्रमाण, अंगकाठी, कातडीचा मूळ चिवटपणा, लागोपाठची बाळंतपणं यावर ते अवलंबून असतं. पट्टा न बांधणं ही तुमची चूक नव्हती.

आता मूळ गोष्ट. 'ऑपरेशन की मशीन' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमचं पोट नेमकं कशामुळे पुढे आलंय. बाहेरून एकच पोट दिसतं, पण आत चार वेगळ्या गोष्टी असतात: कातडी, कातडीखालची चरबी, पोटाचे स्नायू आणि स्नायूंच्या आत आतड्यांभोवतीची चरबी. प्रत्येकीचा उपाय वेगळा. ज्या थरात दोष नाही त्या थरावर आठ काय, अठरा सीटिंग घेतली तरी पोट तसंच राहतं. पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मी तपासताना ज्या क्रमाने बघते, तो बराचसा क्रम घरीही करता येतो. सकाळी, रिकाम्या पोटी, आरशासमोर.

पहिल्यांदा सपाट, कडक जागेवर उताणं झोपा. पोट बरगड्या आणि कंबरेच्या हाडांच्या पातळीखाली बसलं, तर दोष बाहेरच्या थरांत किंवा स्नायूंत आहे. झोपूनही पोट डफासारखं वर राहिलं, तर चरबी आत आहे. त्या चरबीपर्यंत कुठलं मशीन पोचत नाही आणि प्लास्टिक सर्जनही पोचत नाही. ती फक्त वजन उतरवूनच जाते. अशा पोटात टमी टक केलं तर आतला दाब टाके ताणत राहतो आणि सहा महिन्यांत पोट पुन्हा गोल दिसतं. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर भारतीय स्त्रीसाठी तो मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीनेही इशारा असतो, हे जाता जाता सांगते.

मग तसंच झोपून गुडघे दुमडा. बोटांची टोकं बेंबीवर आडव्या ओळीत ठेवा आणि फक्त मान आणि खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं मावतात ते बघा. बेंबीच्या दोन-तीन बोटं वर आणि दोन-तीन बोटं खालीही तेच करा. दोन सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीड-दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल तर स्नायू फाकलेले आहेत. तुम्ही सांगितलेला उभा उंचवटा याचीच खूण आहे. सरळ उभे धावणारे दोन स्नायू मधल्या चिवट पट्टीने जोडलेले असतात. ती पट्टी ताणून रुंद आणि पातळ झाली की जोर लावताना आतला भाग तिथून पुढे येतो. संध्याकाळी पोट जास्त फुगणं, जेवल्यावर 'कितवा महिना?' असं कुणी विचारणं, कंबर दुखणं या तक्रारी बऱ्याचदा याच फटीच्या असतात.

बेंबीजवळ खोकताना गाठ बाहेर येते का, तेही बघा. येत असेल तर तो हर्निया असू शकतो. हर्निया नाही हे सोनोग्राफीत नक्की झाल्याशिवाय पोटावर चरबी गोठवण्याचं मशीन लावू देऊ नका आणि लायपोसक्शनही (नळीने चरबी ओढणं) करू नका. पोकळीतून बाहेर आलेलं आतडं मशीनच्या कपात ओढलं जाणं किंवा त्याला नळी लागणं हा जिवावरचा प्रकार आहे.

आता उभं राहा आणि बेंबीखाली चिमूट घ्या. चिमटीत कातडीचे दोन पदर येतात, म्हणजे चार सेंटिमीटर जाड चिमूट असेल तर चरबीचा खरा थर सुमारे दोन सेंटिमीटर. शेवटी कंबरेत पुढे वाका. पोट पडद्यासारखं लोंबलं आणि दोन्ही हातांनी कातडी वर ओढून धरल्यावर आरशात 'हेच हवंय' असं वाटलं, तर तुमची मुख्य तक्रार कातडीची आहे.

हे आकडे हाताशी असले की पॅकेजचं गणित तुम्हालाच करता येतं. चरबीच्या पेशी थंडीने कातडीच्या आधी मरतात, या तत्त्वावर चरबी गोठवण्याचं मशीन चालतं. कपात चरबीची घडी ओढून घेऊन शून्याच्या खाली साधारण १० अंशांपर्यंत, पाऊण-एक तास थंड करतात. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करतं, म्हणून फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. चांगल्या मशीनवर, योग्य माणसात, लावलेल्या जागेचा थर २० ते २५ टक्के कमी होतो. तुमचा थर दोन सेंटिमीटर असेल तर हा फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत-बाहेरचा. कातडीची लांबी मात्र तेवढीच राहते. आतलं भरण कमी आणि पिशवी तेवढीच, म्हणजे घडी जास्तच लोंबते. दोन बाळंतपणांनंतरच्या सैल पोटावर हा उपाय म्हणूनच मला पटत नाही. घट्ट कातडीच्या, कंबरेच्या बाजूंना थोडी हट्टी चरबी उरलेल्या माणसाला तोच उपाय बरा लागू पडतो.

'ऑपरेशन नाही म्हणजे धोका नाही' हेही खरं नाही. या मशीनमुळे क्वचित उलटं घडतं. काही महिन्यांनी त्याच जागी, कपाच्या आकाराची, घट्ट चरबीची वाढ होते. ती आपोआप जात नाही, लायपोसक्शन किंवा कापून काढणं हाच उपाय उरतो. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्याबाबत हे घडल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. स्वस्त नकली मशीन लावली किंवा कातडी आणि कप यांच्यामधला जेलचा पडदा नवा न घेता पुन्हा वापरला, तर कातडी हिमदाहाने भाजते. थंडीने रक्तात गोठणारी प्रथिनं असण्याचे काही दुर्मिळ आजार आहेत, त्यांत हा उपाय पूर्ण वर्ज्य. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, अंगावर गांधी उठणं असं काही होत असेल तर आधी सांगा.

कातडी आवळणाऱ्या मशीनचं थोडक्यात. रेडिओ लहरी असोत की केंद्रित ध्वनिलहरी, दोन्ही कातडीच्या आत उष्णता देऊन कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) आकसवतात आणि नवं तयार करायला लावतात. सुरकुतलेल्या, कागदासारख्या झालेल्या वरच्या कातडीला थोडा ताण येतो. व्रणावर लोंबणारी घडी त्याने वर जात नाही. चुंबकीय लहरींनी स्नायू आकुंचन पावायला लावणारंही एक मशीन असतं. त्याने स्नायू थोडे बळकट होतात, पण टाके घालून फट मिटवण्याची जागा ते घेत नाही. शिवाय तुम्हाला तांबी बसवलेली असेल तर ते पोटावर लावायचं नाही, आणि हा प्रश्न विचारायला बऱ्याच ठिकाणी विसरतात. चरबी विरघळवणारी इंजेक्शनं म्हणाल, तर त्यातलं जे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं ते हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटावर भरमसाट मिश्रणं टोचून घेऊ नका. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी आणि जंतुसंसर्ग होतात.

मशीन आणि टमी टक यांच्या मधे लायपोसक्शन येतं. तीन-चार मिलिमीटरच्या छेदांतून नळीने चरबी ओढायची. चरबी खरोखर कमी होते, पण कातडी स्वतः आकसू शकली तरच पोट छान बसतं. बेंबीखाली ताणाचे पांढरे पट्टे भरपूर असतील तर त्या कातडीत आकसण्याची ताकद उरलेली नसते, आणि नुसत्या लायपोसक्शनने रिकामी पिशवी मागे राहते. वजन उतरवण्यासाठी हे कुणी सुचवत असेल तर तिथून उठा. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहायलाच हवं.

आणि टमी टक. कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत, सिझेरियनच्या व्रणाच्या पातळीवर किंवा जरा खाली छेद घेतात. कातडी आणि चरबी बरगड्यांपर्यंत मोकळी करतात, फाकलेले स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी काढतात आणि बेंबी तिच्याच देठावर ठेवून नव्या छिद्रातून बाहेर काढतात. पूर्ण भूल, अडीच-तीन तास. जुना सिझेरियनचा व्रण आणि बेंबीखालचे बहुतेक पट्टे काढलेल्या कातडीबरोबर जातात. वरचे पट्टे खाली सरकून राहतात. कातडी, चरबी आणि स्नायू हे तिन्ही थर एकाच वेळी दुरुस्त करणारा हा एकच उपाय आहे. 'मिनी' टमी टक नावाने सोपं वाटतं, पण त्यात बेंबी हलवत नाहीत आणि वरचा भाग सहसा तसाच राहतो. फट बेंबीच्या वर असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

या ऑपरेशनची किंमत रुपयांपेक्षा दिवसांत जास्त मोजावी लागते. एक-दोन रात्री रुग्णालयात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालायचं, पण आठवडाभर कंबरेत वाकून. झोपायचं ते पाठीमागे उशा आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन. पोटातून एक-दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागलं की त्या काढतात, बहुधा पाच ते दहा दिवसांत. बसून करायचं काम दोन आठवड्यांनी, स्कूटर तीन-चार आठवड्यांनी (आपले रस्ते बघता मी चारच धरते), पोटाचा पट्टा सहा आठवडे. आणि पाच किलोच्या वर वजन सहा आठवडे नाही. साडेतीन वर्षांचं मूल चौदा-पंधरा किलोचं असतं. त्याला उचलणारं, न्हाऊ घालणारं, रात्री उठणारं दुसरं माणूस त्या काळात घरात आहे का? नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. टाके तुटायचं सगळ्यात सामान्य कारण घरात मदत नसणं हेच असतं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. इसबगोलही पहिल्या दिवसापासून घ्या, कारण कुंथल्याने आतले टाके ताणतात. सर्दी-खोकला चालू असताना तारीख घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे; एप्रिलच्या घामात चोवीस तास पट्टा सोसवत नाही.

काय बिघडतं, तेही नीट समजून घ्या. सगळ्यात जास्त आढळतं ते कातडीखाली पाणी साठणं. पोटावर टिचकी मारली की लाट हलल्यासारखी वाटते. ओपीडीत सुईने काढतात, कधी तीन-चार वेळा काढावं लागतं. दुसरं म्हणजे व्रणाच्या मधोमध, ओटीपोटावर कातडीची कड काळी पडणं. वर उचललेल्या कातडीला रक्त बाजूंनी आणि वरून येतं, आणि ती कड सगळ्यात लांब असते. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसल्या की ती आधी मरते. 'मी सिगारेट ओढत नाही' असं सांगणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे तंबाखूच. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, नाहीतर मी ऑपरेशन करत नाही. पित्ताशयाचं जुनं ऑपरेशन उघडं, बरगडीखाली लांब छेद घेऊन झालेलं असेल तर तेही सांगा, कारण तो व्रण कातडीचा रक्तपुरवठा आधीच तोडून बसलेला असतो. बेंबीखाली बधिरपणा काही महिने राहतो, थोडा कायमचाही राहू शकतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी असते ती पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची. सौंदर्याच्या ऑपरेशनांमध्ये टमी टकला हा धोका जास्त असतो, कारण पोट आवळल्याने पायांतलं रक्त वर यायला अडथळा होतो आणि माणूस कमी हालतो. एकाच पोटरीला सूज, दुखणं, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. गर्भनिरोधक गोळ्या महिनाभर आधी थांबवायच्या असतात. इथे एक गोष्ट सुटते: गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्याही संप्रेरकांच्याच आहेत, गुठळीचा धोका त्यांनीही वाढतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा. 'भूल देणारच आहात तर गर्भपिशवीही काढा' ही मागणी वारंवार येते. वैद्यकीय कारण नसताना ती काढू नये, आणि दोन ऑपरेशनं जोडली की वेळ आणि गुठळीचा धोका दोन्ही वाढतात. परदेशातून सुट्टीवर येऊन करणाऱ्यांनी परतीचं विमान निदान तीन-चार आठवड्यांनंतरचं घ्यावं.

आता तुमच्यापुरतं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २७ येतो. ऑपरेशनला हा अडसर नाही, मात्र तीसच्या वर असता तर मी आधी वजनावर पाठवलं असतं. वजन वर्षभर स्थिर आहे, ही चांगली बाजू. पुढे आणखी मूल हवंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हवं असेल तर थांबा, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात. अंगावर पाजणं थांबून सहा महिने झालेले हवेत. हिमोग्लोबिन तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि नियोजित ऑपरेशनला कमी रक्त घेऊन येण्याचं काहीच कारण नाही. ते ११ च्या आत असेल तर आधी लोहाच्या गोळ्या घेऊन वर आणायचं. साखरही तपासायची. वजन उतरवायची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला सांगायचंच, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्यात कातडी आणि स्नायू, दोन्हींचा दोष दिसतो. तसं असेल तर ते आठ सीटिंगचं पॅकेज तुमच्या तक्रारीला लागू पडत नाही. आगाऊ पैसे भरू नका. पण म्हणून लगेच ऑपरेशनही ठरवू नका. आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तीन-चार महिने पोटाच्या खोल स्नायूंचे आणि श्वासाचे व्यायाम करा. फट पूर्ण मिटेलच असं नाही, पण बळ येतं, कंबरदुखी कमी होते, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या बायकाही बऱ्याच असतात. स्वतःहून जोरदार उठाबशा काढू नका. मधला उंचवटा त्याने वाढतो. त्यानंतरही ती घडी तुम्हाला रोज टोचत असेल, घरात सहा आठवड्यांची सोय असेल आणि लांब व्रण मान्य असेल, तर पूर्ण टमी टक हा योग्य उपाय ठरेल. झोपल्यावर पोट डफासारखं वर राहत असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल: आधी वजन. आणि काहीच न करणं हाही पूर्ण निरोगी निर्णय आहे. ही इच्छा तुमची आहे की कुणाच्या टोमण्याची, एवढं स्वतःला एकदा विचारा.

सर्जन निवडताना पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी. नुसता 'कॉस्मेटॉलॉजी'चा कोर्स म्हणजे सर्जन नव्हे. आपल्यासारख्याच अंगकाठीच्या रुग्णांचे वर्षानंतरचे, व्रण दिसणारे फोटो मागा. पाणी साठलं किंवा कड काळी पडली तर त्याचा खर्च कुणाचा, रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे लेखी घ्या. आरोग्य विमा सौंदर्याच्या ऑपरेशनला पैसे देत नाही, वर जीएसटी लागतो. खरोखरचा हर्निया असेल तर त्याचा भाग विम्यात बसू शकतो, पण नसलेला हर्निया कागदावर दाखवायला कुणी सुचवलं तर ती फसवणूक आहे.

आणि साडीचा प्रश्न. व्रण कंबरेच्या दोन्ही हाडांपर्यंत जातो, पण परकराच्या नाडीच्या बराच खाली, अंतर्वस्त्राच्या आत राहील असा आखता येतो. तपासणीला जाताना रोजची अंतर्वस्त्रं आणि परकर घालूनच जा आणि उभं असतानाच रेघ आखून घ्या. उघड्या पोटावर दिसू शकतो तो बेंबीभोवतीचा बारीक गोल व्रण. पहिले तीन महिने परकराची नाडी बांधू नका, ती पट्ट्यावर आणि पोटावर घासते. रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या. जखम पूर्ण भरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉनची पट्टी सुरू करून रोज बारा तास, निदान तीन महिने लावा. व्रण आधी लाल आणि कडक होतो, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तुमचा सिझेरियनचा व्रण आज कसा दिसतो ते बघा: जाड, उचललेला, खाजणारा असेल तर नवाही तसाच आणि त्याहून लांब होण्याची शक्यता धरा, आणि पहिल्याच भेटीत तो सर्जनला दाखवा.